पांढऱ्या कपाळाचं पत्र

॥ श्री ॥

अल रुवैस, कतार
ता. १४ ऑक्टोबर १९७९

सौ. अंजनास,

आधी वर बघ. श्री आहे. चांगला बोटभर उंच काढलाय, लांबून बघणाऱ्यालाही दिसावा म्हणून. मी जिवंत आहे, धडधाकट आहे, दोन वेळा जेवतो. होतो त्याहून काळा झालोय एवढंच. हे नीट वाचून झालं की मग पुढचं वाच.

सदानंद मास्तरांचं पत्र परवा मिळालं. मास्तरांनी सगळं हजेरीपटात लिहावं तसं सरळ लिहिलंय. माझं मागचं टपाल आईच्या हातात पडलं. आईला एक अक्षर वाचता येत नाही, पण श्री तेवढा ओळखते. देवाच्या तसबिरीखाली रोज बघते ना. तिनं माझं पत्र उलगडलं, वरती बघितलं, तर तिथं काहीच नव्हतं. "पत्राचं कपाळ पांढरं हाय गं," असं म्हणाली आणि अंगणात मट्कन बसली. तिचं तोंड बघून शेजारीण ओरडली. शेजारणीचं ऐकून वस्ती धावली. पत्र कुणीच वाचलं नाही. सगळ्यांनी एकमेकींची तोंडं वाचली.

तू विहिरीवरून येईपर्यंत मी मेलो होतो. भावकीतल्या बायांनी तुझं कुंकू पुसलं, चुडा फोडला. मग मास्तर शाळा सोडून आले आणि पत्र मोठ्यानं वाचलं. मेला तो श्याम, संगमेश्वरचा, माझ्या खोलीतला पंपवाला. मी नव्हे. पण तोवर तू पोट धरून खाली बसली होतीस. तुला सातवा लागला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं आटोपलं. मुलगी होती, हे मास्तरांनी अगदी शेवटच्या ओळीत लिहिलं. ते पत्र मी मेंढरांच्या वाडग्यात उभा राहून वाचलं आणि तिथंच रडलो. मेंढरं बघत होती.

अंजना, माझी चूक काय ते मला सांग. मरणाची बातमी लिहायची तर वर श्री लिहू नये, ही आपली रीत शेंबडं पोरसुद्धा जाणतं. श्याम गेला होता. तो मला मोठ्या भावासारखा होता. त्याच्या मरणाच्या पत्रावर श्री कसा लिहू? मी रीत पाळली. पहिली ओळ कुणी वाचली असती तर काही झालं नसतं.

तू माहेरी गेलीस ते योग्यच केलंस. तुझ्या आईच्या हातचं खा, अंगात ताकद येऊ दे. दिवाळी तिकडंच कर. पण मार्गशीर्ष लागायच्या आत घरी ये. माझ्या आईनंही अन्न सोडल्यासारखं केलंय, असं मास्तर लिहितात. तुझ्या भावाला, शहाजीला, नमस्कार सांग. दोन ओळी तरी लिही.

मच्छिंद्र


॥ श्री ॥

अल रुवैस
ता. ९ फेब्रुवारी १९८०

सौ. अंजनास,

हे माझं सहावं पत्र. तुझ्याकडून पहिलंही नाही. तुझ्या गावात टाक, शाई आणि कागद यांचा दुष्काळ पडलाय का? की लिहायला बसलीस की हात सोवळ्यात जातो? राग असेल तर रागाचं पत्र लिही. शिव्या लिही. मला तुझं अक्षर बघायचंय.

मला मात्र भावकीतल्या बायांचा राग येतो, पण धरता येत नाही. का, ते सांगतो. गेल्या महिन्यात अरबाबनं, म्हणजे आमच्या मालकानं, नव्या मेंढ्या आणल्या. बोटीनं कुठून कुठून आलेल्या, दोनशे असतील. वाऱ्यानं एक रिकामं पिंप गडगडलं. कोपऱ्यातली एक मेंढी बुजली. एकच. बाकीच्यांनी पिंप बघितलंही नाही, त्यांनी तिला बघितलं आणि पळत सुटल्या. तारेच्या कुंपणापाशी एकीवर एक चढल्या. मी आणि रहमान ओढून ओढून दमलो. अकरा मेल्या. त्यातल्या एकीलाही पिंप लागलं नव्हतं.

हा रहमान हैदराबादचा. जनावरांच्या डॉक्टरच्या हाताखाली असतो, सुया टोचतो, औषधं पाजतो. त्यानं मला पलीकडचं वाडगं दाखवलं. मधे पुरुषभर उंच भिंत. तिकडच्या मेंढ्यांनी काही पाहिलेलं नाही, तरी दोन दिवस त्यांनी चाऱ्याला तोंड लावलं नाही. "बू से समझ जाते मियाँ," रहमान म्हणाला. "एक डरा तो सबके पसीने में डर."

मला नवल वाटलं नाही. आमचंही तेच झालं होतं. श्याम पंपाच्या खोलीतून बाहेर आला, गमछ्यानं तोंड पुसलं, खजुराच्या बुंध्याला टेकला आणि गेला. हृदय बंद पडलं म्हणाले. तिसऱ्या दिवशी खोलीतला एक पठाण म्हणाला, छातीत कळ येते. संध्याकाळपर्यंत आम्हा पाचही जणांच्या छातीत कळ. सोंग नव्हतं, मला खरोखर श्वास घेता येईना. पिकअपमध्ये घालून दोह्याला नेलं. डॉक्टरनं पाचही जणांना तपासलं आणि हसला. पाचही हृदयं ठणठणीत.

तेव्हा आईला दोष देऊ नकोस. बायांनाही देऊ नकोस. कळप बुजला की बुजला, त्यात कुणाचा हात नसतो. मलाही देऊ नकोस, एवढंच सांगायला हे सगळं पुराण लावलं.

मार्गशीर्ष गेला. माघ चाललाय. घरी गेली नाहीस, असं मास्तर कळवतात.

मच्छिंद्र


॥ श्री ॥

अल रुवैस
ता. २० सप्टेंबर १९८०

सौ. अंजनास,

तुझ्या नवऱ्याला बढती मिळाली. काम काय, तर बसायचं. हसू नकोस, खरं आहे.

नव्या मेंढ्या बोटीतून उतरल्या की आठ-आठ दिवस थरथरत असतात. खात नाहीत, पाणी पीत नाहीत. आपल्या रानात मेंढरं बुजू नयेत म्हणून वडील खांडात दोन शेळ्या ठेवायचे, आठवतं? मी अरबाबची एक म्हातारी शेळी मागून घेतली. रहमाननं तिचं नाव ठेवलं नूरी. ही बाई वाडग्यात शिरते, सगळ्यांकडं तुच्छतेनं बघते आणि मधोमध बसून रवंथ करते. मीही तिच्याशेजारी बसतो. हात हलवायचा नाही, मोठ्यानं बोलायचं नाही, त्यांच्या डोळ्यात बघायचं नाही. पहिल्या दिवशी सगळ्या पलीकडच्या भिंतीला चिकटलेल्या असतात. दुसऱ्या दिवशी तशाच. चौथ्या-पाचव्या दिवशी एखादी बसते. मग दुसरी. आठव्या दिवशी एखादी येऊन माझ्या पाठीला अंग टेकते.

अरबाबनं मला पहिल्यांदा तसं बसलेलं पाहिलं तेव्हा भडकला. "यल्ला, यल्ला, ऊठ." रहमान मधे पडला. त्याच्या मोडक्या अरबीत त्यानं समजावलं की याचं कामच बसायचं आहे, हा बसला नाही तर मेंढ्या मरतील. अरबाब हात झटकून निघून गेला. आता दोह्याहून पाहुणे आले की त्यांना मला दाखवायला आणतो.

तिथं बसून मी तुझाच विचार करतो. भीती लागायला पळभर पुरतं, धीर लागायला आठवडा जातो, पण धीरही लागतो. हे मी या डोळ्यांनी बघितलंय. मला मार्चमध्ये दोन महिन्यांची रजा आहे. तुमच्याकडं येईन. काही बोलणार नाही, घरी चल म्हणणार नाही. ओट्यावर नुसता बसेन. आठ दिवस, पंधरा दिवस, जेवढे लागतील तेवढे. माझ्यापेक्षा चांगला बसणारा माणूस सबंध कतारमध्ये नाही.

तू एकदा मुलीचं नाव काय ठेवायचं म्हणून विचारलं होतंस आणि मी म्हणालो होतो, मुलगाच होणार. ते बोलणं मला फार लागतं आता. मी तिला मनातल्या मनात एक नाव ठेवलंय. समोर आलो की सांगेन, तुझी ऐकायची इच्छा असेल तर.

मच्छिंद्र


॥ श्री ॥

अल रुवैस
ता. १७ मे १९८१

सौ. अंजनास,

काल पोचलो. नूरीनं ओळख दिली नाही.

तुमच्या ओट्यावर तेवीस दिवस बसलो. तुझ्या आईनं मला उपाशी ठेवलं नाही, त्यांना माझा नमस्कार सांग. शहाजी रोज संध्याकाळी शेजारी येऊन बसायचा आणि पावसापाण्याचं बोलायचा. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "दाजी, जरा दमानं घ्या. अक्का बाहेर येईल." आणि तू आलीसही. नवव्या दिवशी कळशी घेऊन माझ्यापासून दहा हातांवरून गेलीस. मान खाली. तुझ्या मनगटांत काही नव्हतं, दीड वर्षात एक काचेची बांगडीसुद्धा भरली नाहीस. मी हललो नाही. डोळ्यात बघितलं नाही. मला वाटलं, लागतोय धीर.

मग रोज तू त्या वाटेनं जायचीस आणि मी रोज मोजायचो, दहा हात, नऊ हात, आठ हात. शेवटच्या दिवशी माझी एसटी चारची होती. मला राहवलं नाही. मी फक्त नाव घेतलं. "अंजना," एवढंच म्हणालो, तेही हळू. कळशी तुझ्या हातून सुटली आणि तू भिंतीला पाठ लावून उभी राहिलीस. तसं उभं राहणं मी ओळखतो. मी पिशवी उचलली आणि निघालो.

एसटीत मी स्वतःला समजावत होतो की लाजली असेल, दचकली असेल. अजूनही तेच समजावतोय. दर पंधरवड्याला पत्र टाकत जाईन. तुला सवय होईल. मेंढ्यांना माझ्या आवाजाची होते तशी.

आई मला म्हणाली, "माझं तोंड तिला दावायजोगं न्हाई, पर सांग, म्हातारी रोज तुझ्या पाया पडती म्हनून." सांगितलं.

मच्छिंद्र


॥ श्री ॥

अल रुवैस
ता. २ डिसेंबर १९८१

अंजनास,

हे पत्र टपालात टाकलेलं नाही. फलटणचा एक ड्रायव्हर रजेवर चाललाय, तो शहाजीला बाजारात गाठून देईल. शहाजीला वाटलं तर तो तुला वाचून दाखवेल. नाही वाटलं तर चुलीत घालेल. त्याला दोन्हीची मुभा आहे.

शहाजीचं पत्र मला गेल्या आठवड्यात मिळालं. तुझ्या घरातून आलेलं दोन वर्षांतलं पहिलं. त्यानं रागानं लिहिलेलं नाही. अडचणीत सापडलेला माणूस जाणत्याला विचारतो तसं विचारलंय. त्यानं लिहिलं ते असं: "दाजी, अक्का तुमचं पत्र उघडत नाही. आलं तसं ट्रंकेत ठेवते. टपालवाला आमच्याकडं मंगळवारी येतो. सोमवारपासून तिला घास उतरत नाही. ती जेवत नाही म्हणून आई जेवत नाही. मंगळवारी सायकलची घंटी वाजली की अक्काचे हात कापायला लागतात. त्याच हातांनी ती धारेला बसते आणि म्हैस पान्हा चोरते. बुधवारपर्यंत मीही कुणावर तरी विनाकारण ओरडलेला असतो. ढोरांच्या डॉक्टरला म्हैस दाखवली. तो म्हणाला, म्हशीला काही झालेलं नाही. तुम्ही मेंढरांतले जाणते, म्हणून विचारतो, काय करावं?"

मी ते रहमानला वाचून दाखवलं, हिंदीत सांगितलं. त्यानं विचारलं, "भैंस किसकी है?" मी म्हणालो, माझ्या सासरची. संध्याकाळी माझं जेवण त्यानंच आणून दिलं.

त्रेचाळीस पत्रं मी तुला पाठवली. सगळ्यांवर श्री. प्रत्येक वेळी मला वाटलं, धीर धाडतोय. प्रत्येक वेळी तुमच्या घरात चार जीव बुजले, आणि त्यातला एक मुका.

आता ते सांगतो जे इतक्या पत्रांत सांगितलं नाही. मी रीत पाळली, हे खोटं आहे. अगदी खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. श्याम गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी आधी दुसरं पत्र लिहिलं होतं. त्यावर श्री होता, पहिलीच ओळ होती, मी खुशाल आहे, काळजी नसावी. मग श्यामचं लिहिलं होतं. लिहून झाल्यावर वाचलं आणि मला ते सहन झालं नाही. तू हे वाचशील, चुकचुकशील आणि भाकरी थापायला जाशील, असं डोळ्यांपुढं आलं. मी इथं छाती धरून बसलोय, पुढचा नंबर माझा असं मला वाटतंय, आणि तिकडं कुणाला त्याचं काहीच नाही. मी ते पत्र फाडलं. दुसरं घेतलं. श्री लिहिला नाही. खुशाल आहे, हेही लिहिलं नाही. तुझ्या काळजात एकदा धस्स व्हावं, असं मला वाटलं. एकदाच. मग तू खाली वाचशील आणि देवाला हात जोडशील, आणि माझ्यासाठी रडशील. तुझ्या हाती यायच्या आधी ते आईच्या हाती पडेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

आपण भीती वाटली असं म्हणतो. पेढेही वाटतो. माझी भीती मला एकट्याला पेलली नाही, म्हणून मी ती वाटली, आणि सगळ्यात मोठा वाटा तुला दिला. तुझ्यापाशी तेव्हा आणखी एक जीव होता. तिलाही त्यातला वाटा गेला. मेंढी घाबरली की दुसरीच्या अंगात शिरते. तिला बिचारीला कळत नाही आपण काय करतोय ते. मला कळत होतं. मेंढरांत वाढलेला माणूस मी, मला सगळ्यांच्या आधी कळायला हवं होतं. कळप बुजण्यात कुणाचा हात नसतो, असं तुला लिहिलं होतं. ते मेंढरांपुरतं खरं आहे.

माझ्या आईला माफ कर. तिच्यावर मी दोन वर्षं माझं पाप ठेवलं. तिलाही मी मास्तरांच्या हातून खरं कळवतोय.

शहाजीला त्याच्या प्रश्नाचं उत्तर वेगळ्या चिठ्ठीवर दिलंय. जनावर ज्याला भितं ते आधी त्याच्या समोरून काढायचं. त्याला चुचकारून, सवय लावून, तिथंच ठेवून उपयोग नसतो. मी तेवीस दिवस ओट्यावर बसलो, ते तुला धीर द्यायला बसलोय असं मला वाटत होतं, पण तुला ज्याची भीती होती तेच तुझ्या दारात मांडी घालून बसलं होतं.

पंचांपुढं काडी मोडायची असेल तर माझी ना नाही. तसं लिहून अंगठ्यासह सही करून शहाजीकडं दिलंय, तुला पंचांसमोर माझं तोंड बघावं लागणार नाही. पुढं कुणाचं घर करावंसं वाटलं तर कर. नाही वाटलं तर नको करू. दोन्हीत माझ्याकडून तुला बोल नाही. माझं काय, म्हणशील, म्हणायची इच्छा झाली तर. मला तू हवी होतीस, अजून हवी आहेस, आणि हे काही कमी होईल असं दिसत नाही. पण ते माझ्यापाशी राहू दे. यातला वाटा कुणाला द्यायचा नाही, असं ठरवलंय.

ट्रंकेतली पत्रं उघडू नकोस. त्यात फार काही नाही, मेंढरांच्या गप्पा आहेत. माझी दोन पत्रं अजून वाटेत असतील, ती शहाजी पोस्टात जाऊन परस्पर उचलेल. त्यानंतर माझं काही येणार नाही. टपालवाला मंगळवारी गावात शिरेल, घंटी वाजवेल आणि तुमच्या दारावरून सरळ पुढं जाईल. त्याच्या पुढच्या मंगळवारीही तसाच जाईल.

सोमवारी जेवत जा.

मच्छिंद्र